अँटी-एच लेक्टिन: ‘ओ’ खरोखर ‘ओ’ आहे का, हे सांगणारी बाटली

फॉरवर्ड ग्रुपिंगमध्ये, म्हणजे रुग्णाच्या पेशी तयार अँटीबॉडींनी तपासताना, अँटी-ए आणि अँटी-बी दोन्ही निगेटिव्ह आले की रजिस्टरमध्ये ‘ओ’ लिहिलं जातं. बॉम्बे ग्रुपचा, म्हणजे ‘ओ’ पेशींवर असणारा ‘एच’ हा प्रतिजनही ज्याच्या पेशींवर नाही असा, रुग्ण नेमका तिथेच हातातून निसटतो. त्याला ‘ओ’ची पिशवी चढली तर त्याच्या सीरममधल्या अँटी-एचमुळे (‘एच’विरुद्धच्या अँटीबॉडीमुळे) रक्तपेशी फुटून जिवावर बेतू शकतं. म्हणून रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये अँटी-एच लेक्टिन (‘एच’ ओळखून पेशींची गुठळी करणारं वनस्पतीतलं प्रथिन) असावंच, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र हे रिएजंट नीट वापरलं तरच कामाचं, आणि सगळे लॉट (उत्पादनाच्या खेपा) सारखे नसतात.

बाटलीत असतो युलेक्स युरोपियस या पिवळ्या फुलांच्या काटेरी युरोपीय झुडपाच्या बियांचा अर्क. त्यातलं लेक्टिन पेशीवरची फ्युकोज ही साखर ओळखतं. ती साखर तिथे बसवतो तो १९व्या गुणसूत्रावरच्या एफयूटी१ जनुकाचा एन्झाइम. तो जीडीपी-फ्युकोजमधलं फ्युकोज उचलून साखळीच्या टोकाच्या गॅलॅक्टोजला अल्फा-१,२ जोडणीने लावतो आणि ‘एच’ तयार होतो. ‘ए’ आणि ‘बी’ यांचे एन्झाइम आपापली साखर या ‘एच’वरच चढवतात. पायाच नसेल तर ‘ए’चं जनुक शाबूत असूनही पेशीवर ‘ए’ दिसत नाही, आणि मुलांमध्ये मात्र तो उतरू शकतो. अशा घरात रक्तगटावरून पालकत्वाबद्दल शंका घेणं म्हणजे निव्वळ अन्याय.

डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईतून हा प्रकार प्रथम नोंदवला, म्हणून नाव ‘बॉम्बे’. भारतीय बॉम्बेमध्ये नेहमी सापडणारा बदल एफयूटी१च्या ७२५व्या जागी टीऐवजी जी असा आहे. त्यामुळे २४२व्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन येतं आणि एन्झाइम निकामी होतो. शेजारचं एफयूटी२ जनुकही या लोकांत गळालेलं असतं, त्यामुळे लाळेतही ‘एच’ सापडत नाही.

आता वापराकडे. पेशी सलाईनने तीनदा धुवा आणि २ ते ५ टक्के सस्पेन्शन करा. ट्यूबमध्ये लेक्टिनचा १ थेंब, सस्पेन्शनचा १ थेंब, हलवून खोलीच्या तापमानाला ठेवा. किती मिनिटं ठेवायचं आणि सेंट्रिफ्यूज किती फेऱ्यांवर चालवायचा, हे त्या लॉटच्या इन्सर्टप्रमाणेच (सोबतच्या माहितीपत्रकाप्रमाणेच). तळाशी बसलेलं पेशींचं बटण हलक्या हाताने सोडवा. जोरात झटकलं तर कमजोर गुठळी मोडते आणि पॅरा-बॉम्बे (ज्याच्या पेशींवर किंवा लाळेत थोडा तरी ‘एच’ असतो तो) थेट बॉम्बे म्हणून नोंदवला जातो. सस्पेन्शन दाट झालं तरी प्रतिक्रिया फिकी दिसते. नाळेच्या रक्तात व्हार्टन्स जेली (नाळेतला चिकट पदार्थ) राहिली तर खोटी गुठळी दिसते. शिवाय नवजात बाळाचा ‘एच’ मुळात कमजोर असतो, तेव्हा त्या नमुन्यावर बॉम्बेचा शिक्का मारू नका.

लॉटची खरी परीक्षा कंट्रोलवर, म्हणजे गट आधीच माहीत असलेल्या पेशींवर, होते. ‘एच’चं प्रमाण ओ, ए२, बी, ए२बी, ए१, ए१बी या क्रमाने उतरत जातं (ए१ आणि ए२ हे ‘ए’चे उपप्रकार). चांगला लॉट ‘ओ’ पेशींना ४+ (सर्वात जोरदार गुठळी) देतो आणि ए१बीला अगदी फिका किंवा काहीच नाही. ए१बीलाही ३+ येत असेल तर अर्क जास्त तीव्र आहे. अशा लॉटची सलाईनमध्ये दुपटीने विरळ मालिका लावून फरक कुठे उमटतो ते पाहा. मूळ द्रावणातच तो स्पष्ट नसेल तर लॉट परत करा. ए१बी हा पक्का निगेटिव्ह कंट्रोल नाही, बॉम्बेच्या पेशी मिळाल्या तर त्याच वापरा. मोनोक्लोनल (बियांऐवजी प्रयोगशाळेत एकाच पेशीवंशापासून बनवलेल्या) अँटी-एचमध्ये लॉटगणिक फरक कमी पडतो.

लेक्टिन निगेटिव्ह आलं म्हणून काम संपत नाही. रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये (रुग्णाचं सीरम माहीत गटाच्या पेशींवर तपासताना) ए आणि बी पेशींबरोबर ‘ओ’ पेशींची ट्यूबही लावा. बॉम्बेचं सीरम तिन्हींना जोरात धरतं आणि ऑटोकंट्रोल (त्याचं सीरम त्याच्याच पेशींवर) निगेटिव्ह राहतो. ट्यूबमध्ये पेशी फुटून द्रव लाल झाला तर तोही पॉझिटिव्हच धरायचा. उलट ए१ किंवा ए१बी व्यक्तीच्या सीरममध्ये थंडीत काम करणारं अँटी-एच सापडलं तर घाबरण्याचं कारण सहसा नसतं: तिच्या पेशींवर थोडा ‘एच’ असतोच आणि ३७ अंशांना ते बहुधा मावळतं. बॉम्बेचं अँटी-एच मात्र ३७ अंशांनाही काम करतं, घात तिथेच होतो.

याच बाटलीतल्या लेक्टिनने सिक्रेटर चाचणीही (लाळेत ‘एच’ उतरतो का, हे पाहणारी) होते. पॅरा-बॉम्बे वेगळा काढायला तिचा फार उपयोग आहे. लाळ १० मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा, नाहीतर तिच्यातले एन्झाइम साखर कापत राहतात. मग सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव घ्या. लेक्टिन इतकं विरळ करा की ‘ओ’ पेशींना २+ यावं. दोन्हींचा एकेक थेंब ८ ते १० मिनिटं एकत्र ठेवून ‘ओ’ पेशींचा १ थेंब घाला, अर्ध्या ते एक तासाने वाचा. गुठळी नाही म्हणजे सिक्रेटर. लाळेऐवजी सलाईन घातलेल्या ट्यूबमध्ये गुठळी यायलाच हवी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे लेक्टिन विरळ न करणं: लाळेतला ‘एच’ त्याला पुरा पडत नाही आणि सिक्रेटर माणूस नॉन-सिक्रेटर ठरतो.

साठवण २ ते ८ अंशांना. गोठवू नका, आणि द्रव गढूळ झाला की बाटली टाकून द्या. ड्रॉपरचा थेंब ०.०५ मिली धरला तर ५ मिलीत १०० थेंब. एका नमुन्यामागे दोन कंट्रोल धरून ३ थेंब लागतात, म्हणजे सुमारे ३३ तपासण्या. मध्यम रक्तपेढीने ५ मिलीचीच बाटली मागवावी. मोठी बाटली संपण्याआधी तिची एक्सपायरी उलटते.