मोबाईलवर 60, काट्यावर 60, आणि तरी फसलो

1999 ची मारुती 800. मीटरवर 61,340. गाडीचे ₹52,000, नावावर करून देणाऱ्या एजंटाचे ₹3,500. जुन्या गाड्यांची मीटरं मागे घेतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, मलाही होतं. म्हणून तर तपासून घेतली. फक्त तपासायचं होतं एक आणि तपासलं भलतंच.

विकणाऱ्याने आपणहून मोबाईलवर जीपीएसचं स्पीड ॲप लावलं, सपाट रस्त्यावर गाडी 60 वर धरली. ॲपवर 60, काट्यावर 60. "मीटर ओरिजिनल आहे साहेब, एक स्क्रू हललेला नाही." मी मान डोलावली! काटा बरोबर असण्याचा आणि एकूण किलोमीटर खरे असण्याचा काडीचा संबंध नाही. केबलच्या मीटरमध्ये केबलने फिरणाऱ्या एकाच दांड्याला दोन कामं असतात. दांड्यावरचं चुंबक फिरताना ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढतं, केसासारखी स्प्रिंग वाटीला अडवते, आणि या ओढाताणीत काटा हलतो. त्याच दांड्यावरचे गिअर आकड्यांची चाकं पुढे सरकवतात. मीटर उघडून चाकं हाताने मागे नेली, तर काट्याला पत्ताही लागत नाही.

पण खरी लाज पुढेच आहे. गाडी थांबली, इंजिन बंद, आणि काटा शून्याच्या खुंटीला टेकलाच नाही. खुंटी आणि काटा यांच्यात बोटाच्या पेरापेक्षा थोडी कमी फट, काटा आठाच्या आसपास. मी बोट दाखवलं. "जुन्या गाडीत एवढं चालतंच." आणि मी ते चालवून घेतलं. किल्ली तिथेच त्याच्या हातात ठेवायला हवी होती. पण समोर ॲपचा पुरावा नाचवल्यावर कोण फटी मोजत बसतो?

त्या फटीचा अर्थ असा. चुंबक कमजोर झालं होतं, त्यामुळे काटा खऱ्या 60 ला 52 दाखवत असणार. दुरुस्त कोण करतो? काटा उपटला आणि 60 ला 60 दिसेल असा पुढे सरकवून दाबून बसवला. चूक टक्क्यांत होती, भर मात्र सरसकट आठाची पडली. म्हणून 60 बरोबर, 30 ला 34 आणि 90 ला 86. एकाच वेगावर कधीही तपासू नका. 30, 60, 90, तिन्ही बघा. ॲप वेग थोडा उशिरा दाखवतं, तेव्हा वेग दहा-पंधरा सेकंद स्थिर धरा; चढावर, वळणावर, पुलाखाली नाही. ॲप नको असेल तर किलोमीटरचे दगड आणि घड्याळ: 60 ला 60 सेकंद, 90 ला 40. काटा आणि ॲप बाजूचा माणूस बघेल, चालवणाऱ्याने रस्ता बघायचा.

आणखी एक. कारखान्यातून काटा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवणारा येतो, कमी दाखवू नये म्हणून. पंचवीस वर्षांच्या गाडीत तो जीपीएसशी तंतोतंत जुळला, तर कौतुक नको, संशय घ्या.

टायरची पळवाट वेगळी. कंपनीच्या 145/70 आर 12 मापाच्या टायरचा घेर हिशेबाने 1.60 मीटर, हौसेने घातलेल्या 155/65 आर 13 चा 1.67. म्हणजे एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते, आणि काटा आणि किलोमीटर दोन्ही पाचेक टक्के कमी दाखवतात. दहा दगड मोजा. मीटरही दहाच पुढे गेलं आणि काटा तरी चुकतोय, तर टायर-गिअर ठीक आहेत, भानगड मीटरच्या डब्यात आहे. माझ्याकडे नेमकं हेच निघालं. डबा उघडला तर स्क्रूच्या खाचा चेपलेल्या, दहा हजारांचा आकडा ओळीतून किंचित खाली. बॅटरीच्या ट्रेखाली ऑइल बदलल्याचं जुनं कार्ड सापडलं: 1,18,600. विकत घेण्याआधी हात घालायला दोन मिनिटं लागली असती.

पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या. पहिल्यांदा साहेब नाहीत, दुसऱ्यांदा "लेखी आणा", तिसऱ्यांदा लेखी वाचून "हा व्यवहाराचा वाद, कोर्टात जा." फसवणूक हे कलम मग कशासाठी छापलंय? आरटीओत खिडकीवरून उत्तर, "आम्ही चासी नंबर बघतो, मीटर नाही." खरंच आहे, गाडीच्या आरसीवर किलोमीटरचा रकानाच नसतो! ग्राहक हेल्पलाइन 1915 वर सांगितलं, विकणारा व्यापारी नाही, खाजगी माणूस आहे, तक्रार बसत नाही. वर्षाला पाच गाड्या विकणारा खाजगी माणूस.

विक्रीच्या कागदावर मीटरचा आकडा आणि "हा खरा आहे" हे वाक्य विकणाऱ्याच्या सहीने लिहून घ्या. माझ्या कागदावर "जशी आहे तशी" एवढंच आहे, आणि तेही मीच लिहिलंय, त्याने सांगितलं तसं.

आता दुरुस्ती म्हणून मीटरवाला केबलला वरून तेल सोडायला निघाला, तर हात धरा. ते तेल चढून वाटीत जातं, वाटी चुंबकाला चिकटते आणि काटा भलताच वर पळतो. केबल बाहेर काढून खालच्या दोन तृतीयांश भागाला ग्रीसचा हलका हात, मीटरकडचं टोक कोरडं. माझ्याकडून त्याने तेल सोडण्याचे ₹400 घेतले.