प्रलयाची घोषणा, मग धिंगाणा: बस्टा राइम्सचा १९९८चा अल्बम

गोव्यात डिचोलीत माझा साउंडचा धंदा आहे. जत्रा, काला, देवळातली नाटकं, लग्नं. हिपहॉप आमच्याकडे कोणी मागत नाही, पण नवीन बेस बॉक्स (जाड आवाजाचा स्पीकर) आला की मी आधी अमेरिकन रॅपर बस्टा राइम्सचा 'एक्स्टिंक्शन लेव्हल इव्हेंट: द फायनल वर्ल्ड फ्रंट' लावतो. बॉक्सचा कस लागतो, आणि माझीही करमणूक होते.

अल्बम डिसेंबर १९९८चा. दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटर बंद पडणार, जग बुडणार, असं तेव्हा जो तो सांगत होता. मुखपृष्ठावर न्यूयॉर्कचं मॅनहॅटन आगीच्या लोळात. २००१च्या तिथल्या हल्ल्यानंतर ते चित्र बघवत नाही, पण काढलं त्याच्या तीन वर्षं आधी. सुरुवातीला एक लेकरू बापाला विचारतं, बाबा, दोन हजार सालात कसं असेल? बाप लाडात बोलायला लागतो आणि बघता बघता त्याचा आवाज प्रवचनकारासारखा चढत जातो. छोट्या स्पीकरवर यातलं अर्धं कळत नाही, हेडफोन घ्या.

आता गंमत अशी की एवढा प्रलय जाहीर करून पुढची बरीच गाणी चक्क धिंगाण्याची आहेत. पुष्कळांना ही फसवणूक वाटते. मला नाही वाटत. सप्टेंबर २०१२ मध्ये आमच्या भागातल्या खाणी बंद झाल्या. पावसाळ्यापुरते उभे केलेले खनिजाचे ट्रक पुन्हा सुटलेच नाहीत, बँकेचे हप्ते मात्र चालू. दहा दिवसांच्या आत चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी आली. त्या वर्षी आरत्या हळू झाल्या का? उलट घुमटं, आमची आरतीची मातीची वाद्यं, जास्तच जोरात वाजली. जग बुडतंय म्हटल्यावर माणूस गप्प बसत नाही, हे बस्टाला नेमकं कळलंय.

सगळ्यात भारी गाणं 'गिमी सम मोअर'. हिचकॉकच्या 'सायको' सिनेमासाठी बर्नार्ड हर्मननी केलेले व्हायोलिनचे करकरीत सूर घेऊन त्याच तुकड्यावर अख्खं गाणं उभं केलंय. आधी सावकाश बोलणं, लहानपणी पडलो, डोकं आपटलं वगैरे. मग सुटतो तो सुटतोच. आरतीच्या शेवटी घुमट आणि शामेळ (त्याच्या जोडीचं तालवाद्य) दुगणीत, दुप्पट लयीत जातात तसा, पण एकही अक्षर गिळत नाही. श्वास कुठे घेतो ते शोधायला मी मिक्सरवर टॉप (वरचे बारीक सूर) वाढवून ऐकलंय. सापडतो, पण कडव्याच्या अगदी कडेला.

गायिका जॅनेट जॅक्सनबरोबरचं 'व्हॉट्स इट गॉना बी' बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या गाण्यांच्या क्रमवारीत, तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. बेस जाड आणि गुळगुळीत, बॉक्स फाटका असेल तर लगेच पकडला जातो. प्रलयाशी काही संबंध नाही, शृंगारच सगळा. मधली पार्टीची गाणी मात्र एकसारखी वाटतात, तिथे मी पुढे ढकलतो. 'धिस मीन्स वॉर'मध्ये रॉक गायक ऑझी ऑस्बोर्न आणि त्याच्या ब्लॅक सॅबाथ बँडचं गाणं 'आयर्न मॅन'. ऐकायला दणकेबाज, पण गिटार एवढी पुढे आणलीय की बस्टा तिच्यामागे धावतोय असं वाटतं. असला मिक्स मी काल्याला दिला असता तर मंडळींनी पैसे कापले असते.

बस्टाचं हे वेड जुनंच. १९९६च्या पहिल्या अल्बमचा शेवटही जगाच्या अंतावर, पुढच्या वर्षीच्या अल्बमच्या नावातच आपत्ती. दोन हजार साल आलं, काही बुडालं नाही, तर त्याने त्याच वर्षी 'अनार्की' काढला! या अल्बमचा दुसरा भाग आला ऑक्टोबर २०२० मध्ये, ऐन कोरोनात. मुहूर्त एकदाचा बरोबर लागला. त्यातलं रॅपर केंड्रिक लामारबरोबरचं गाणं जरूर ऐका. पण बॉक्स तपासायला पहिलाच भाग बरा.

एकूण तासाभराहून जास्त ऐकायचं आहे आणि शिव्या भरपूर. वडीलधारी घरात असतील तर स्पीकरवर लावू नका.