ओरिएंटचा फॅन (सीलिंगचा नव्हे): तीन वर्षं वापरलेल्या सीझन तिकिटाचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा पंख्याचा रिव्ह्यू नाही. मामाला फोनवर म्हटलं मी ओरिएंटचा फॅन झालोय तर म्हणाला, "सीलिंग का टेबल?" तेव्हापासून गावाकडं हा विषय काढायचा बंदच केलाय. तर हे तिकीट लंडनच्या लेटन ओरिएंट फुटबॉल क्लबचं. 2022 पासून सलग तीन सीझन घेतलंय, आणि आता चौथ्यांदा घ्यायचं का नाही यावर घरात चर्चासत्र चालू आहे, म्हणून म्हटलं लिहून काढू, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

हा क्लब 2023 ला लीग वनमधे आला. नाव वन असलं तरी आहे वरनं तिसरी पायरी, आधी प्रीमियर लीग मग चॅम्पियनशिप मग आम्ही. हे नामकरण ज्यानं केलं त्याला आमच्याकडं बारशाला बोलवू नये. 24 टीम, 46 मॅच, त्यातल्या घरच्या 23 तिकिटात येतात. सेंट्रल लाईनच्या लेटन स्टेशनला उतरायचं आणि चालत ब्रिस्बेन रोडवर. मैदान छोटं, नऊ हजारांवर थोडी माणसं मावतात, आणि गंमत म्हणजे चारी कोपऱ्यांत फ्लॅटच्या बिल्डिंगी आहेत, लोक बाल्कनीत चहाचा मग घेऊन फुकटात मॅच बघतात. मी मूळचा कोल्हापूरचा, बाबा पाटाकडीलचे आणि काका शिवाजी तरुण मंडळाचे, दोन्ही तिथल्या फुटबॉलच्या टीम, शाहू स्टेडियमवर ह्यांची मॅच असली की त्या रात्री आमच्याकडं दोन पंगती बसायच्या. त्यामुळं अशा घराला लागून असलेल्या मैदानावर मी आल्या आल्याच विरघळलो. ऑफिसातली आपली मंडळी सगळी आर्सेनल नायतर लिव्हरपूलची, टीव्हीवर बघणारी. आमची मॅच शनिवारी तीनची असली तर ती टीव्हीवर बघायची सोयच नाही, इथं शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच फुटबॉल लाईव्ह दाखवत नाहीत, लोकांनी उठून आपापल्या मैदानावर जावं म्हणून. मला हा नियम भारी वाटतो, बायकोला अजिबात वाटत नाही.

आणि इथं आपला आवाज पोचतो हो. एकदा ऑफसाईडवरनं माझं डोकं फिरलं आणि तोंडातनं मराठीतच निघालं, "आरं डोळं काय खिशात घालून आलायस काय," तर लाईन्समननं मागं वळून बघितलं. कळलं काहीच नसणार, पण मुद्दा पोचला.

आता मेन गोष्ट, मनाचं काय होतं. पहिल्याच वर्षी 18 एप्रिल 2023 ला गिलिंगहॅमला मॅच, बाहेरगावची, तिकीट वेगळं काढून गेलो. आम्ही ती मॅच हरलो, मधेच मैदानावरचे लाईट गेले (इंग्लंडमधे! मला एकदम लोडशेडिंगचे दिवस आठवले) आणि तिकडं दुसरीकडचा निकाल आमच्या बाजूनं लागल्यामुळं आमचं प्रमोशन पक्कं. हरून वरच्या वर्गात गेलो. अनोळखी माणसं मिठ्या मारत होती आणि मला वाटलं, अरे हे तर सोपं आहे.

माझ्या शेजारच्या सीटवर एक आजोबा बसतात, बोलणं कमी, गोळ्या वाटणं जास्त. पेपरमिंटची गोळी हातावर ठेवली की समजायचं आता पाच मिनिटांत गोल खाणार, त्यांचा अंदाज क्वचितच चुकतो. त्यांना म्हटलं किती मस्त ना, तर नुसते हसले, आणि मग पुढच्या दोन वर्षांत हप्त्याहप्त्यानं सगळी पोथी ऐकवली. 2014 ला वेम्बलीवर, म्हणजे लंडनच्या मोठ्या स्टेडियमवर, प्लेऑफची (वर जायची शेवटची जागा ठरवणाऱ्या मॅचेसची) फायनल, जिंकलं की चॅम्पियनशिप, हाफटाईमला 2-0 पुढं. मग रॉदरहॅमच्या रेव्हेलनं दोन मारले, त्यातला दुसरा इतक्या लांबनं की आजोबा हातानं अंतर दाखवायला लागतात तेव्हा पुढच्या रांगेतल्याला वाकावं लागतं. शेवटी पेनल्टीवर हातातनं गेली. त्याच उन्हाळ्यात बेकेटी नावाच्या इटालियन शेठनं क्लब घेतला, मॅनेजर शर्टासारखे बदलले, आणि तीन वर्षांत दोनदा खाली. 2017 ला 112 वर्षांनी क्लब फुटबॉल लीगच्याच, म्हणजे वरच्या चार पायऱ्यांच्याच, बाहेर. घरच्या शेवटच्या मॅचला कोलचेस्टर आलेलं, लोक चिडून मैदानात उतरले, खेळ थांबला, सगळ्यांना घरी धाडलं आणि उरलेली थोडी मिनिटं रिकाम्या स्टेडियममधे उरकली. आजोबा म्हणाले मी बसस्टॉपवर उभा होतो आणि आतनं शिट्टी ऐकू आली. मी काय बोलणार, त्या दिवशी मीच त्यांना गोळी दिली.

मग नवे मालक आले, जस्टिन एडिनबरा मॅनेजर झाला, त्यानं एप्रिल 2019 मधे टीमला परत लीगमधे आणलं, आणि सहा आठवड्यांनी हार्टनं गेला. 49 वर्षांचा. वेस्ट स्टँडला त्याचंच नाव आहे. ह्याच्यावर मी जास्त लिहीत नाही.

2024-25 च्या सीझनचं सांगतो. 8 फेब्रुवारी 2025, एफए कपला (सगळ्या पायऱ्यांच्या टीम खेळतात तो नॉकआउट कप) प्रीमियर लीगमधली मॅन्चेस्टर सिटी आमच्या दारात! डॉनली म्हणून आमचा पोरगा, त्यानं हाफलाईनजवळनं बॉल उचलून मारला, बारला लागला, तिथनं गोलकीपरच्या पाठीला लागून आत. 1-0. मी आयुष्यात इतका ओरडलेलो नाही, पोरगं घाबरून रडायला लागलं, मग तेही ओरडायला लागलं. शेवटी 2-1 हरलो, त्यांच्या स्टार डी ब्रॉइनला आणावं लागलं त्यांना, ह्याच्यातच आम्ही खूश. नंतर कळलं तो गोल रेकॉर्डला कीपरच्या नावावर गेला, ओन गोल म्हणून. असू दे, आमच्या गल्लीत डॉनलीचाच आहे.

मग लीगमधे सहावे येऊन प्लेऑफ, स्टॉकपोर्टला पेनल्टीवर हरवलं आणि पुन्हा वेम्बली, समोर चार्ल्टन. एक फ्रीकिक, 1-0, संपलं. उन्हाळ्याचं ऊन सुद्धा त्या दिवशी नीट पडलं नाही असं वाटलं. आजोबांनी स्कार्फ काढला, मांडीवर ठेवून चार घड्या केल्या, इस्त्रीवाल्यासारख्या, खिशात घातला आणि म्हणाले, "2014 ला पण 25 मेच होती." मी घरी येऊन तपासलं. खरंच होती. हा माणूस तारीख माहीत असून आला होता!

तक्रार म्हणाल तर एकच पण मोठी आहे, ह्या लेव्हलला काहीच आपलं नसतं. चांगला खेळाडू म्हणजे लोनवर आलेला, दुसऱ्याच्या घरचा पाहुणा. डॉनली टॉटनहॅम ह्या लंडनच्याच मोठ्या क्लबचा. इंग्लंडचा स्टार हॅरी केन सुद्धा 2011 मधे टॉटनहॅमहून इथंच लोनवर आलेला, लीगमधला पहिला गोल ओरिएंटसाठी मारला, आणि त्यानं मात्र जाण ठेवली, 2020 ला लॉकडाऊनमधे क्लबच्या शर्टाची स्पॉन्सरशिप घेतली आणि शर्टावर कोविड योद्ध्यांचे आभार नि धर्मादाय संस्थांची नावं टाकली. आणि चार्ली केल्मन, क्यूपीआर ह्या दुसऱ्या क्लबकडनं लोनवर, त्यानं 2024-25 च्या सीझनला लीगमधे 21 गोल मारले, अख्ख्या लीग वनमधे सगळ्यात जास्त. पोरानं हट्ट केला म्हणून वाढदिवसाला शर्टावर केल्मन छापून घेतलं, अक्षरांचे पैसे वेगळे. जुलैमधे तो गेला. कुठं? चार्ल्टनला! ज्यांनी मे महिन्यात वेम्बलीवर आम्हाला हरवलं त्यांच्याकडंच. पोरानं दोन दिवस शर्ट पलंगाखाली टाकला, तिसऱ्या दिवशी नावावर चिकटपट्टी लावून बागेत खेळायला गेला.

स्टार किती द्यायचे? मैदान, आजोबा आणि डॉनलीचा गोल धरून साडेचार. 25 मे धरली तर दोन. मंगळवारी रात्रीच्या जानेवारीतल्या मॅचेससाठी वेगळी स्केल पाहिजे, तिथं दोन मोजे घालून सुद्धा पाय आपले आहेत का नाहीत कळत नाही. नवीन घेणाऱ्यांनी सीट शक्यतो एखाद्या म्हाताऱ्याच्या शेजारी घ्या, आणि गोळी पुढं आली तर नाही म्हणू नका.

काल रात्री लॅपटॉप उघडून बसलो होतो, रिन्यूचं बटण समोर, बायको मागं येऊन उभी राहिली, मला वाटलं आता हिशोब निघणार. ती शर्ट धूत होती, चिकटपट्टी निघता निघत नव्हती. म्हणाली, "घे बाबा तिकीट. पण ह्या वेळी शर्टावर नाव नको टाकूस कुणाचं."