कान वाजतात: एमआरआय, ईईजी की प्रकाशाची टोपी?

बेळगावच्या वडगाव-खासबागेत मागाच्या खटखटाटात किंवा उद्यमबागेच्या फाउंड्रीत उमर घालवलेल्या माणसाला रात्री पाठ टेकली की कानात शिट्टी ऐकू येते. घरचे म्हणतात, मनाचे खेळ. मग कुणीतरी सुचवतं, "काका, मेंदूचं स्कॅनिंग करून टाका." पण कोणतं?

मेंदूचं काम दाखवणारा फंक्शनल एमआरआय खोलवरचंही टिपतो. पण यंत्राचा आवाज 100 डेसिबलच्या वर जातो. कानाच्याच दुखण्यासाठी माणसाला त्या ठणठणाटात झोपवायचं, हे मला तरी पटत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र, असेल तर एमआरआयच्या चुंबकाची अडचण वेगळीच. डोक्याला तारा लावून मेंदूतले विजेचे संकेत टिपणारा ईईजी शांत आणि जलद, पण हालचाल मेंदूत नेमकी कुठे झाली, ते त्यात धूसर राहतं.

प्रकाशाची तपासणी, म्हणजे एफनिर्स, आवाज करत नाही. टोपीतले बारीक दिवे कवटीतून अवरक्त प्रकाश सोडतात, साधारण 3 सेंमीवरचे ग्राहक परतलेला प्रकाश मोजतात. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्तातलं हिमोग्लोबिन हा प्रकाश वेगवेगळा शोषतं, त्यावरून मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते कळतं. इम्प्लांटही आड येत नाही. उणिवाही खऱ्या आहेत: दाट काळ्या केसांत प्रकाश अडतो आणि फक्त वरचा थर दिसतो. श्रवणकेंद्राचा बराच भाग मेंदूच्या घडीत दडलेला असल्यामुळे हे जास्तच जाचतं.

2020 मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी कान वाजणारे 25 आणि न वाजणारे 21 जण या पद्धतीने तपासले. संगणकाने सुमारे 78 टक्के वेळा दोन्ही गट बरोबर ओळखले. माणसं थोडी आहेत, तरी "मनाचे खेळ" म्हणणाऱ्या घरच्यांना हे जरूर सांगावं.

मात्र ही अजून संशोधनातलीच गोष्ट आहे, कुणी उपचाराआधीची चाचणी म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा, त्रास किती आहे ते मोजणारी 25 प्रश्नांची प्रश्नावली भरा. आवाज एकाच कानात असेल, एका कानाने कमी ऐकू येत असेल किंवा नाडीबरोबर ठोके पडत असतील, तर मात्र डॉक्टरांनी सांगितलेला साधा एमआरआय किंवा रक्तवाहिन्यांचं स्कॅनिंग टाळू नका. आणि ऐकू येणं एकाएकी गेलं, तर खानापूर-नंदगडहून का होईना, त्याच दिवशी कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठा. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त होतो.