उद्योजिकांचा गट आणि लिंक्डइन: सांगलीतून वर्षभर वापरल्यानंतर

आधी काय वापरलं ते सांगते. एक म्हणजे सांगली, मिरज आणि कुपवाडमधल्या उद्योजिकांचा सशुल्क गट. पंधरवड्याला एक बैठक, मधल्या काळात व्हॉट्सॲपवर बोलणं आणि वर्षाची वर्गणी. गटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. असे गट आता प्रत्येक जिल्ह्यात आहेत, त्यांची घडण साधारण सारखीच असते आणि मला त्या घडणीबद्दलच बोलायचं आहे. दुसरं म्हणजे लिंक्डइन या व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळावरचं साधं, बिनपैशाचं खातं. दोन्ही गेल्या वर्षी एकाच सुमाराला सुरू केलं.

माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. बेदाण्याची कोल्ड स्टोरेज आणि हळदीची अडत दुकानं यांच्यासाठी आवक, लॉट, भाडं, पट्टी (म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीचा हिशोब) आणि उधारी सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. ऑफिस विश्रामबागला, टीम छोटी. ग्राहक मार्केट यार्डात, तासगावात, कुपवाड एमआयडीसीत. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये आणि हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माल नावाजलेला आहे, उलाढाल मोठी आहे आणि हिशोब अजून बऱ्याच ठिकाणी वहीत आहे, त्यामुळे कामाला तोटा नाही. तरीही मला गट का लागला?

कारण यार्डातला अर्धा व्यवहार संध्याकाळी सौदे उरकल्यावर चहाच्या गाड्यावर होतो. कोणाचं पेमेंट अडकलंय, कोण नवीन कोल्ड स्टोरेज बांधतोय, कोणत्या सॉफ्टवेअरवाल्यानं किती घेतले, हे सगळं तिथं कळतं. त्या वेळी मी तिथं नसते. कोणी येऊ नका म्हणत नाही, पण सात वाजता पुरुषांच्या घोळक्यात उभं राहून तासभर गप्पा मारणं इथल्या बाईला अजून सहज जमत नाही, आणि घरी मुलं वाट बघत असतात. माझ्याच लाइनमधले पुरुष सहकारी न मागता जे ऐकतात, ते मला विचारत फिरावं लागतं. या गटाकडून मला ग्राहक नको होते, ही माहिती हवी होती. आणि वर्षभरानंतर सांगते, ती मिळाली.

सगळ्यात मोलाची बैठक दरांवरची होती. मिरजेत हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एक ताई आहेत. मिरजेला हॉस्पिटलांची काही कमी नाही, त्यामुळे त्यांचा अनुभव माझ्या दुप्पट. त्यांनी स्वतःचं एक कोटेशन छापून आणलं, ग्राहकाचं नाव काळ्या पेननं खोडून टेबलावर ठेवलं आणि ओळ अन् ओळ समजावली. सॉफ्टवेअरची किंमत वेगळी. जुना डेटा भरून देण्याचे पैसे वेगळे, कारण सगळ्यात जास्त दिवस तिथंच जातात. ट्रेनिंग दोन वेळा मोफत, तिसऱ्या वेळेपासून पैसे. एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे पैसे, किमतीच्या 15 ते 20 टक्के, आणि तिच्यात काय येतं, काय येत नाही हे त्याच कागदावर. खाली एक ओळ: रविवारी किंवा रात्री आठनंतर प्रत्यक्ष यायला लागलं तर व्हिजिट चार्ज. खोलीतल्या सगळ्या जणी मान खाली घालून लिहून घेत होत्या. मग एकेकीनं आपापले आकडे सांगितले. वेबसाइट करणारी, टॅलीचं काम करणारी, सीसीटीव्ही बसवणारी. त्याआधी दराबद्दल इतकं मोकळं बोलणं मी कुठंही ऐकलं नव्हतं, अगदी माझ्या कॉलेजच्या ग्रुपवरसुद्धा. त्यानंतरच्या माझ्या प्रत्येक कोटेशनमध्ये डेटा भरण्याची ओळ वेगळी आहे, आणि आजवर एकाही ग्राहकानं त्यावरून काम नाकारलेलं नाही.

दुसरी गोष्ट अडकलेल्या पैशाची. एका प्रक्रिया कारखान्याकडे माझं बिल कित्येक महिने पडून होतं. फोन केला की "मॅडम, पुढच्या आठवड्यात." गटातल्या एक सीए ताईंनी एका दुपारी सगळ्यांना एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा शिकवला. 2006 च्या या कायद्यातलं कलम 15 सांगतं की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर कलम 16 प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. 2023 च्या वित्त कायद्यानं त्यात प्राप्तिकराची बाजूही जोडली. प्राप्तिकर कायद्यात तेव्हा आलेल्या 43बी(एच) कलमानुसार मुदतीत पैसे दिले नाहीत, तर माल किंवा सेवा घेणाऱ्या ग्राहकाला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच करता येतो. मार्च जवळ आला की हे कलम फार कामाचं. या सगळ्यासाठी आपली उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी हवी, आणि ती काम घेण्याआधीच झालेली बरी. नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे, आधार क्रमांकावर होते. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

माझी नोंदणी होती, पण बिलावर तो क्रमांक छापायचा असतो हे मला तिथं कळलं. ताईंनी पत्राचा मसुदा बघून दिला. भाषा सभ्य, धमकी नाही, फक्त कलम, तारीख आणि नोंदणी क्रमांक. मुद्दल मार्चअखेरच्या आत जमा झालं. व्याज मी मागितलं नाही, कारण तो ग्राहक मला ठेवायचा होता. पत्रानं काम झालं नसतं तर सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते, हेही त्याच दुपारी समजलं. वर्गणी या एका पत्रातच वसूल झाली.

आता न पटलेल्या गोष्टी, कारण त्याही बऱ्याच आहेत.

बैठक सकाळी सातला असायची. ही वेळ पुरुषांच्या बिझनेस ग्रुपांकडून जशीच्या तशी उचललेली. सकाळी सातला आमच्याकडे डबे भरायचे असतात, पाणी भरायचं असतं, मुलांची रिक्षा यायची असते. बायकांसाठी काढलेल्या गटानं बायकांचा दिवस विचारात घेऊ नये याचा मला खरोखर राग आला होता. आम्ही काही जणींनी लेखी मागणी केली तेव्हा कुठं बैठक दुपारी तीनला सरकली, आणि त्या महिन्यापासून हजेरी वाढलेली डोळ्यांना दिसते.

दुसरं म्हणजे सक्तीचे रेफरल, म्हणजे संभाव्य ग्राहकाचं नाव सुचवणं. प्रत्येक बैठकीत प्रत्येकीनं दुसरीला एक तरी रेफरल द्यायचाच, असा नियम आहे. केटरिंग, बुटीक, मसाले, ब्युटी पार्लर यांना तो चालतो, कारण त्यांचा ग्राहक कोणीही असू शकतो. माझा ग्राहक म्हणजे कोल्ड स्टोरेजचा मालक. असे मालक माणशी एक रेफरल पुरवण्याइतके ओळखीत असतात का? मग नियम पाळायचा म्हणून मला "माझ्या भाच्याला एक साधी वेबसाइट हवी आहे" अशी नावं मिळत राहिली. देणारीचा हेतू चांगला असतो, पण त्यात माझाही वेळ जातो आणि त्या भाच्याचाही. तंत्रज्ञानातल्या जणी गटात मोजक्याच आहेत, आणि बाहेरून व्याख्याते बोलावले जातात तेव्हा विषय हमखास आत्मविश्वास असतो. तिथं बसलेल्या प्रत्येकीनं स्वतःच्या जिवावर धंदा उभा केलेला आहे, तिला आत्मविश्वासाचं व्याख्यान कशाला? तिला जीएसटीचा, कराराचा, सर्व्हर बिलाचा जाणकार हवा असतो.

आणि एक गोष्ट, जी कोणत्याच गटानं सुटत नाही, पण बोलल्यानं हलकी होते. नव्या ग्राहकाकडे डेमोला गेलं की पहिला प्रश्न येतो, "सर येणार आहेत का?" सोबत आमचा नवखा मुलगा असेल तर सगळे प्रश्न त्याला. गटात हे काढलं तर जवळजवळ प्रत्येकीकडे असाच प्रसंग निघाला. तेव्हा मी त्यांना स्टेफनी शर्ली यांची गोष्ट सांगितली. 1962 मध्ये ब्रिटनमध्ये या बाईंनी सहा पौंडांच्या भांडवलावर सॉफ्टवेअर कंपनी काढली आणि मुलांमुळे नोकरी सोडलेल्या प्रोग्रामर बायकांना घरी बसून काम दिलं. व्यवसायाच्या पत्रांना उत्तर येईना, म्हणून त्या "स्टीव्ह" अशी सही करू लागल्या आणि दारं उघडली. कंपनीच्या पहिल्या 300 जणांत पुरुष फक्त तिघे होते. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंगही याच बायकांनी केलं. साठ वर्षांपूर्वीची, तीही लंडनकडची गोष्ट ऐकताना यार्डाजवळ दुकान असलेल्या माझ्या मैत्रिणीनं इतक्या जोरजोरात मान हलवली की ती मला अजून आठवते. त्या बैठकीपासून आम्ही एक पद्धत सुरू केली. मोठ्या डेमोला शक्यतो दोघींनी जायचं. मी मिरजेच्या ताईंबरोबर हॉस्पिटलला जाते, त्या माझ्याबरोबर कोल्ड स्टोरेजला येतात. समोर दोन जाणकार बायका बसल्या की "सर येणार का" हे विचारणं थांबतं, हा अनुभव आहे.

लिंक्डइनचं काम निराळं. गटातल्या बायकांना जे ग्राहक माहीत असतात, ते फिरून फिरून मलाही माहीत असतात, कारण सांगली तेवढीच आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं हीच गोष्ट 1973 मध्ये दाखवून दिली होती. अमेरिकेतल्या न्यूटन शहरात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यानं विचारलं, ज्यानं सांगितलं तो माणूस किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणारे निघाले जेमतेम 17 टक्के. बाकीचे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. जवळच्यांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक आहे, नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. पुढे 2022 मध्ये लिंक्डइनच्याच दोन कोटींहून जास्त वापरकर्त्यांवर झालेल्या अभ्यासातही असंच दिसलं. फार जवळच्या नव्हे, अगदी अनोळखीही नव्हे, तर मध्यम सैल ओळखी नोकरी बदलायला सगळ्यात उपयोगी पडल्या.

माझ्या बाबतीत हे अक्षरशः घडलं. मी सल्ले, सुविचार वगैरे काही टाकत नाही. कामाचे फोटो आणि चार ओळी टाकते. एकदा 15 किलोच्या पेटीवरचा आमचा लॉट स्टिकर टाकला. शेतकऱ्याचं नाव, प्रत, आवक तारीख, रॅक क्रमांक, आणि मोबाइलनं स्कॅन केलं की भाडं किती झालं ते. खाली मराठीत लिहिलं, की पावसाळ्याच्या दमट हवेत स्टिकरचा गोंद सुटतो, तर आम्ही कोणता कागद वापरून बघितला. त्यावर पंढरपूर भागातल्या एका अभियंत्यानं, ज्यांना मी कधी भेटले नाही, कर्नाटकातल्या विजयपूरच्या एका कोल्ड स्टोरेज मालकांना जोडून दिलं. तिथंही बेदाण्याचा मोठा धंदा आहे. काम मिळालं, आणि आता त्या सॉफ्टवेअरची कन्नड आवृत्ती करतोय. सांगलीतल्या गटातून हे काम येणं शक्यच नव्हतं. तंत्रज्ञानात असणाऱ्या बाईनं आपलं काम असं उघड दाखवावं. तिथं संध्याकाळी सातची अडचण नाही, आणि वाचणाऱ्याला आधी काम दिसतं, मग नाव.

अनोळखी पुरुषांचे नको ते मेसेज येतात, हे खरं. मी उत्तर देत नाही, सरळ ब्लॉक करते आणि पुढं जाते. फोन नंबर प्रोफाइलवर ठेवू नका, ऑफिसचा ईमेल ठेवा.

योजनांबद्दल थोडक्यात. राज्य सरकारच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजनेत 1 लाखापासून 25 लाखांपर्यंत अर्थसहाय्य आहे, पण डीपीआयआयटी या केंद्राच्या उद्योग खात्याची स्टार्टअप मान्यता आणि कंपनीत महिलांचा किमान 51 टक्के वाटा लागतो. एकटीच्या मालकीची फर्म त्या मान्यतेत बसत नाही, आणि आमच्या गटातल्या बहुतेकींची फर्म तशीच आहे. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करायची की प्रायव्हेट लिमिटेड, यावर सध्या सीए ताईंकडे रांग लागली आहे. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी खरेदीतला 3 टक्के वाटा महिलांच्या सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचा आहे. त्यासाठी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नोंदणी केली आहे, ऑर्डर अजून आलेली नाही.

वर्गणी पुढच्या वर्षासाठी भरली. तुम्ही अशा गटाचं सदस्यत्व घ्यावं का? धंदा सुरू होऊन वर्षसुद्धा झालं नसेल तर आत्ता नको, आधी लिंक्डइनवर काम दाखवायला लागा. दोन-तीन वर्षं झाली असतील, बिलं अडकायला लागली असतील आणि दर कमी पडतोय असं वाटत असेल, तर नक्की घ्या. आधी पाहुणी म्हणून एक बैठक बघा. तिथं पैशाबद्दल बोलतात का, ते ऐका. नुसत्या टाळ्या आणि फोटो असतील तर दुसरा गट शोधा.

तंत्रज्ञानातल्या आम्ही चौघीजणी आता बैठकीनंतर तासभर थांबतो. सध्या कराराचा एक मसुदा सोप्या मराठीत करतोय: सोर्स कोड कोणाचा, डेटा कोणाचा, ग्राहकानं मध्येच काम थांबवलं तर किती पैसे द्यायचे, पेमेंटची मुदत किती. दिवाळीआधी तो पूर्ण करायचा आहे. झिरो पेमेंटसाठी, म्हणजे जुनी येणी-देणी शून्यावर आणण्यासाठी, बेदाण्याचे सौदे तेव्हा बंद असतात, मालकांना बसून वाचायला सवड असते, आणि नवीन कामाच्या सह्या त्याच दिवसांत होतात.