'1151 ला 1151 बसतं' म्हणणाऱ्या दुकानदारापासून सावध!

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका कॉम्प्युटर पार्ट्सच्या काउंटरवर 10,700 रुपये घालवले, म्हणून लिहितोय. सेकंडहँड आय5-8400 चे (इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर) 6,800 आणि 'रिफर्बिश्ड' मदरबोर्डचे 3,900. खोक्यावर स्टिकर: '6/7/8/9 जनरेशन सपोर्ट'. तरी विचारलं, नक्की चालेल ना? "साहेब, सॉकेट 1151, प्रोसेसर 1151. डोळे झाकून लावा." (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा, 1151 हा तिथल्या पिनांचा आकडा.)

घरी लावला. खाचा जुळल्या, लिव्हर बसला, पंखे फिरले, स्क्रीन मात्र काळीच. मग बोर्डवरची बारीक छपाई वाचली: एच110. हे चिपसेटचं, म्हणजे बोर्डवरच्या मुख्य चिपचं नाव. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीचा माल! आठवीला एच310, बी360, झेड370 असा 300 मालिकेचा चिपसेट लागतो. 2017 मध्ये इंटेलने सॉकेटचं नाव तेच ठेवलं आणि राखीव पिनांपैकी बऱ्याच वीजपुरवठ्याकडे वळवल्या. आता गिऱ्हाइकाने पिना मोजत बसायचं का?

बिल बघूनच खटकायला हवं होतं. 'मदरबोर्ड 1151, 1 नग.' ना मॉडेल, ना सिरियल नंबर, ना जीएसटी. मॉडेल लिहा म्हटलं, तर "कशाला? आम्ही कुठे पळून जातोय?" मागे गर्दी, काउंटरवरचा पोरगा पुढच्याशी बोलायलाही लागलेला. घातलं बिल खिशात. तुम्हीही घातलं असतं.

परत गेलो, तर म्हणे बायोस (बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट लागेल, 500 द्या. दिले. (एच110 वर सातवी पिढी अपडेटने चालते, हे खरंय. त्याच अर्ध्या सत्यावर यांचा धंदा.) नंतर म्हणे प्रोसेसरच मेलाय. शेवटी, पिना तुम्हीच वाकवल्या! लावण्याआधीचा सॉकेटचा फोटो माझ्याकडे आहे. तुम्हीही काढत जा.

चौकीत ऐकवलं, "हे दिवाणी प्रकरण, ग्राहक मंचात जा." ग्राहक हेल्पलाइनवर, "बिलावर मॉडेल नाही का?" नंतर मेसेज आला, तक्रार निकाली. कोणी काढली, कशी काढली? दुकानदाराला साधा फोन तरी केला का? ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, एवढंही कोणी सांगितलं नाही. मीच शोधलं.

एएम4 (एएमडी कंपनीचं सॉकेट) वाल्यांनो, हसू नका. एएमडीचे रायझन 5000 प्रोसेसर जुन्या बायोसच्या बी450 बोर्डवर उठत नाहीत. बोर्ड कंपनीच्या साइटवर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते, बायोसच्या आवृत्तीसकट. पैसे देण्याआधी, काउंटरवरच उघडा. डिस्प्ले दाखवल्याशिवाय जीपे नाही.

आता म्हणतो, बोर्ड 1,200 ला परत घेतो. म्हणजे तेच स्टिकर लावून पुढच्याला! नाही दिला. सहाव्या-सातव्या पिढीचा प्रोसेसर असलेल्या कोणाला हवा असेल तर 2,500 ला देतो, एच110 असं ठळक लिहून.