टॅबवर ऑनलाइन गाण्याचा क्लास रेकॉर्ड करणे: दहा महिन्यांचा अनुभव

आधीच सांगते, मला टेक्निकल फारसं कळत नाही, बँकेत नोकरी करते, वय पंचेचाळीस, आणि गाणं शिकायचं राहून गेलं होतं ते आता शिकतेय. शिकवणाऱ्या ताई पुण्यात, मी चिपळूणला, दर रविवारी सकाळी झूमवर क्लास. रविवारी जे शिकवतात ते आठवडाभर घोटायचं असतं आणि बुधवार उजाडेपर्यंत अंतरा कुठल्या मात्रेपासून उचलायचा होता हेच आठवत नाही, त्यामुळे रेकॉर्डिंग हवंच. प्रवेशिका पूर्ण या गाण्याच्या परीक्षेची तयारी चाललीय, यमन राग अजून हातात नाही, गळ्यात तर नाहीच नाही.

लॅपटॉप आमच्याकडे एकच आणि तो मुलाच्या ताब्यात. म्हणून खास क्लाससाठी टॅब घेतला, दहा इंची, कंपनीचं नाव राहू दे. दुकानात विचारलं होतं की मीटिंग रेकॉर्ड होते का, तर तो म्हणाला स्क्रीन रेकॉर्डर आतच आहे मॅडम, सगळं होतं. रेकॉर्डर आहे हे खरं, ॲंड्रॉइड ११ पासून म्हणजे २०२० पासून तो आतच येतो, काही कंपन्यांनी तर त्याआधीच दिला होता. वरून बोट खाली ओढा, बटण दाबा, झालं.

पहिल्या रविवारी तासभर रेकॉर्ड केलं आणि संध्याकाळी कौतुकाने लावून बसले. ताई दिसतायत, ओठ हलतायत, मींड घेताना (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना) हात वर जातोय, आणि आवाज शून्य! नवरा म्हणाला, मूकनाट्य छान आहे. मला वाटलं माझंच चुकलं असेल, सेटिंगमध्ये बघितलं तर तीन पर्याय होते, आवाज नको, फक्त मीडियाचा आवाज, मीडिया अधिक माइक. पुढच्या रविवारी तिसरा निवडला. पुन्हा तेच. ना ताईंचा आवाज ना माझा.

मग भाच्याला फोन केला, तो या क्षेत्रातला आहे, त्याने जे सांगितलं ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझे दोन क्लास वाचले असते. ॲंड्रॉइड १० पासून (२०१९) एका ॲपला दुसऱ्या ॲपचा आवाज पकडता येतो, पण तो गाण्यांचा, व्हिडिओंचा, गेमचा. कॉलवर समोरून येणारा आवाज त्यात मुद्दाम घेतलेला नाही, म्हणजे व्हिडिओ मीटिंगमधलं बोलणं दुसऱ्या ॲपला मिळतच नाही. आणि माइक कॉलसाठी अडकलेला असला की त्याच वेळी रेकॉर्डरने माइक मागितला तर त्याच्या वाट्याला शांतता येते. "मावशी, टॅब बिघडलेला नाही, नियमच तसा आहे." पहिल्यांदा राग आला, पण विचार केला तर बरोबरच आहे, नाहीतर फोनमधलं कुठलंही फालतू ॲप आपली बोलणी ऐकत बसलं असतं.

तरी हौस म्हणून तीन वेगवेगळी रेकॉर्डर ॲप टाकून बघितली, "इंटर्नल ऑडिओ" असं मोठ्या अक्षरात लिहिलेली. जाहिराती भरपूर, आवाज नाही. शेवटी तीही त्याच दारातून आत जाणार, दार बंद तर काय करतील. कुणी सांगितलं अमुक ॲप टाक म्हणजे नक्की होईल, तर आधी दोन मिनिटांचा टेस्ट कॉल करून बघा, क्लासच्या दिवशी प्रयोग करू नका.

मग वाटलं झूममध्येच रेकॉर्डचं बटण असेल. आहे, पण फुकट अकाउंटवर ते फक्त कंप्युटरवर चालतं. मोबाइल किंवा टॅबवरून रेकॉर्ड करायचं तर होस्टचं, म्हणजे मीटिंग ठेवणाऱ्याचं, पैसे भरलेलं अकाउंट लागतं, आणि रेकॉर्डिंग टॅबमध्ये साठत नाही, क्लाउडवर म्हणजे इंटरनेटवरच्या झूमच्या साठ्यात जातं, मग लिंक येते. आमच्या होस्ट ताई, अकाउंट फुकटचं, ४० मिनिटं झाली की मीटिंग संपते आणि आम्ही परत त्याच लिंकवर जातो. (या मधल्या दोन मिनिटांत मी गॅस बंद करून येते.) गूगल मीटचाही विचार केला, तिथेही साध्या जीमेल अकाउंटवर रेकॉर्डिंग नाही. त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

मग ताईंच्या लॅपटॉपवरून रेकॉर्ड करायचं ठरलं. आधी परवानगी मागितली तेव्हा ताई म्हणाल्या, "अगं, रेकॉर्डिंग असलं की कान झोपतात, आमच्या बाई एकदाच सांगायच्या." पण तयार झाल्या. अट एकच, फाइल कुणाला पाठवायची नाही. दोन महिने मस्त चाललं, व्हिडिओसोबत नुसत्या आवाजाची एम-फोर-ए फाइल वेगळी मिळते, रियाजाला तेवढीच पुरते, फोनवर टाकायची आणि भाजी निवडता निवडता ऐकायची. एक गोष्ट मात्र आम्हाला ठेच लागून कळली. मीटिंग संपली की झूम ते रेकॉर्डिंग कन्व्हर्ट करत बसतं, तेवढा वेळ लॅपटॉप चालू ठेवावा लागतो. ताईंनी एकदा सवयीने लगेच झाकण बंद केलं, मग फोल्डरमध्ये "डबल क्लिक टू कन्व्हर्ट" नावाची एक फाइल, ती उघडेना, आणि भूप रागाच्या ताना गेल्या त्या गेल्याच. पुढे तो लॅपटॉपच म्हातारपणाने गेला आणि ताई फोनवर आल्या. म्हणजे आता दोन्हीकडे मोबाइल, रेकॉर्डचं बटण कुठेच नाही.

तर आता मी जे करते ते ऐकून हसाल, पण गेले सहा महिने हेच चाललंय. नवऱ्याचा जुना फोन, स्क्रीनला तडा गेलेला, सिम नाही. त्यात साधं व्हॉइस रेकॉर्डर. टॅबचा स्पीकर ज्या बाजूला आहे त्या बाजूला साधारण फूटभर अंतरावर तो ठेवते, खाली पंचाची घडी, कारण नुसत्या टेबलावर ठेवला की स्पीकरची थरथर आणि माझ्या बोटांचा ताल दोन्ही धडधडत येतात. पंखा बंद. फोन एअरप्लेन मोडवर, सिम नसलं तरी, वायफायवरून काहीतरी टिंग वाजतंच. हेडफोन अर्थातच चालत नाहीत, आवाज खोलीत आला तरच दुसरा फोन ऐकणार ना. सुरुवातीला फोन माझ्यासमोर ठेवायचे तर माझाच आवाज बोंबलल्यासारखा आणि ताई विहिरीतून बोलतायत असं. आता फोन टॅबजवळ आणि मी चार फूट मागे, तेव्हा कुठे जमलं.

साइजचंही सांगते. टॅबवरचं तासाभराचं मुकं रेकॉर्डिंग दीड जीबीच्या वर जायचं. आवाजाची फाइल १२८ केबीपीएसला (रेकॉर्डरमधलं क्वालिटीचं माप) मिनिटाला जेमतेम १ एमबी, म्हणजे अख्खा क्लास ६० एमबीच्या आत. एवढ्या महिन्यांचे क्लास त्या तडकलेल्या फोनमध्ये आरामात बसलेत. व्हिडिओ नाही याची खंत सुरुवातीला होती, आता नाही. गाणं ऐकायचंच असतं. तबला किंवा हार्मोनियम शिकणाऱ्यांना मात्र हात दिसायला हवेत, त्यांनी दुसरा फोन स्टँडवर लावून सरळ कॅमेऱ्याने टॅबचा व्हिडिओ घ्यावा. आमच्या ओळखीचा तबल्याचा एक मुलगा असंच करतो, स्क्रीनवर रेघा दिसतात पण बोटं कळतात.

आता गाणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. रेकॉर्डिंग ऐकताना एक गंमत दिसली, ताईंनी सा लावला की तीन-चार सेकंदांत तो बुडायचा आणि परत वर यायचा, तानपुरा तर गायबच. मी स्पीकरला दोष देत बसले. कारण निघालं झूमचं नॉइज सप्रेशन. मीटिंगसाठी ते चांगलंच, पंख्याची घरघर, मिक्सर वगैरे काढून टाकतं, पण एकसारखा लांब चाललेला आवाज म्हणजे गोंगाट असा त्याचा हिशोब, आणि तानपुरा काय दुसरं करतो? त्यावर "ओरिजिनल साउंड" नावाची सोय आहे, आधी सेटिंगमध्ये चालू करायची मग मीटिंगमध्येही, आणि मुख्य म्हणजे जो गातोय त्याच्या बाजूला. माझ्याकडे चालू करून ताईंचा आवाज सुधारत नाही, हे समजायला मला महिना लागला. ताईंच्या फोनवर चालू केल्यापासून यमनचा तीव्र मध्यम (चढा म) तीव्र मध्यमासारखा ऐकू येतो. एवढं करूनही दोघी एकदम गायलो की एकीचा आवाज दबतो आणि थोडा उशीर असतोच, त्यामुळे त्या गातात तेव्हा मी गप्प, मी गाते तेव्हा त्या गप्प. रेकॉर्डिंग त्याने उलट स्वच्छ होतं.

बहिणीकडे आयपॅड आहे, ती म्हणाली त्यात होतं. आयफोन-आयपॅडवर स्क्रीन रेकॉर्डिंग २०१७ च्या आयओएस ११ पासून आहे. आता आयपॅडओएस २६ मध्ये, म्हणजे आयपॅडच्या नव्या सिस्टीममध्ये, लोकल कॅप्चर म्हणून नवीन सोय आलीय, चालू कॉलमध्ये चांगल्या क्वालिटीचं रेकॉर्डिंग करते, पण ते आपल्याच बाजूचं, समोरच्याचं नाही. पॉडकास्टवाल्यांना उत्तम. मला उपयोग तेव्हाच, जेव्हा आयपॅड ताईंकडे असेल. ही गोष्ट ताईंना मी मुद्दाम सांगितलेली नाही, उगाच खर्चात पडतील.

परवानगीवरून एकदा वाजलं तेही लिहिते. क्लासमधल्या एकीने तिचं रेकॉर्डिंग तिच्या भिशीच्या ग्रुपवर टाकलं, कौतुक म्हणूनच. त्यात ताई तिसऱ्या एका मुलीला रागावत होत्या. ती मुलगी पुढच्या रविवारी आलीच नाही. झूमचं स्वतःचं रेकॉर्डिंग सुरू झालं की सगळ्यांना सूचना तरी जाते, माझ्या पंचावरच्या फोनचं कुणाला काय कळणार? म्हणून मी दर वेळी बटण दाबताना मोठ्याने म्हणते, ताई, लावतेय हं. ताई हं म्हणतात, मगच तानपुरा. सगळ्या फाइल्सची सुरुवात याच हं ने होते.

एक सवय लावून घ्या, शेजारी वही ठेवा आणि मिनिट लिहा. "२३, अंतरा." "४१, गमकाची तान, दोनदा." तासाच्या फाइलमध्ये तेवढंच शोधत बसणं म्हणजे रियाजाचा वेळ गेला.

सध्या जूनमुळे वेगळाच वैताग आहे. खोलीवर पत्रा, वरून पाऊस, फोनला ताईंपेक्षा पाऊस जास्त ऐकू येतो. मागच्या रविवारी मधेच लाईटही गेली, वायफाय बंद, ताई गेल्या, आणि फोन मात्र इमानदारीत अकरा मिनिटं पाऊस रेकॉर्ड करत बसला. आता क्लास आतल्या खोलीत, गाद्यांच्या ढिगाशेजारी हलवलाय, तिथे आवाज घुमत नाही आणि पाऊसही कमी येतो, फक्त रेंज एक काडी कमी. ताई म्हणतायत दिवाळीला नवीन लॅपटॉप घेणार. घेतला की परत तिकडून रेकॉर्ड करू, आणि झाकण लगेच बंद करू नका म्हणून चिठ्ठी चिकटवायला मी स्वतः पुण्याला जाणार आहे.